‘चढव’ हा शब्द कुणाच्या बापाचा

जुन्या डिस्कांवर आणि टेपांवर अडकून पडलेली माहिती बाहेर काढायची आणि आजच्या यंत्रांवर आणून द्यायची, हा आमचा धंदा. आमचा म्हणजे माझ्या नवऱ्याचा, माझा आणि दाढीचा. दाढी हा आमचा तिसरा भागीदार. त्याला खरं नाव आहे, पण ते फक्त बँकेत वापरलं जातं. नवरा गिऱ्हाइकं सांभाळतो, दाढी प्रोग्राम लिहितो आणि पडद्यावर दिसणारा प्रत्येक शब्द माझा असतो. कुठल्या बटणावर काय लिहायचं, काही बिघडलं तर यंत्राने माणसाशी कोणत्या भाषेत बोलायचं, मदतीच्या पुस्तिकेत काय सांगायचं, हे सगळं मी ठरवते. त्यामुळे वकिलाची नोटीस आली ती कंपनीच्या नावाने आली असली तरी माझ्यावरच आली होती.

नोटीस पाठवणारी कंपनी आमच्यापुढे हत्ती. त्यांच्या जाहिराती चौकाचौकात: एक डोंगर, त्याच्या वाटेवर त्यांची माहिती साठवायची निळी पेटी आणि खाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द, ‘चढव’. हा शब्द आमच्या मुख्य अभियंत्याने शोधून काढला, आम्ही तो रीतसर नोंदवला आहे, तो दुसऱ्या कुणालाही वापरता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या प्रोग्राममध्ये दोन बटणं होती, एक ‘चढव’ आणि एक ‘उतरव’. डिस्क यंत्राला नुसती जोडून भागत नाही. यंत्रातल्या फाइलींचा झाडासारखा पसारा असतो, तिच्यावरच्या फाइली त्या झाडाच्या कुठल्या फांदीला लावायच्या हे यंत्राने ठरवून तिला आपलीशी करावी लागते, तेव्हा कुठे तिच्यातलं काही वाचता येतं. त्यालाच डिस्क चढवणं म्हणतात. आता ते बटण काढा, पुस्तिका परत मागवा आणि हा शब्द आम्ही चोरला अशी जाहीर कबुली द्या, असं नोटिशीत लिहिलं होतं.

नवऱ्याने ती दोनदा वाचली आणि शब्द बदलून टाकू म्हणाला. हत्तीच्या वाटेत उभं राहण्यात शहाणपण नाही, असं त्याचं मत. दाढीने तर तिथल्या तिथे यादीच काढली, ‘लाव’, ‘जोड’, ‘बसव’, ‘घे’. त्याला कुठलाही चालणार होता. मला बटणाचं इतकं काही नव्हतं. मला टोचत होता तो ‘चोरला’. मी तो शब्द कुठल्या जाहिरातीतून उचलला नव्हता. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हापासून तो माझ्या कानावर पडत होता.

कारण माझ्या सासूबाई. त्या एका विमा कंपनीच्या मशीनरूमच्या प्रमुख होत्या. संगणक टेबलावर मावायला लागण्याच्या खूप आधीची ही गोष्ट. तेव्हा एक संगणक म्हणजे एक अख्खा हॉल, आत एवढी थंडी की भर उन्हाळ्यात बायका स्वेटर घालून कामाला जायच्या. डिस्क म्हणजे एकावर एक रचलेल्या तपकिरी थाळ्यांची चळत, वर प्लास्टिकचं घुमटासारखं झाकण, झाकणाला मूठ आणि वजन अंगठा चोखणाऱ्या बाळाइतकं. दिवसभर त्या चळती कपाटातून काढायच्या, यंत्रावर ठेवायच्या, काम झालं की परत कपाटात. सासूबाईंच्या हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे ‘जनरल’ म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. विनय हा गुण त्यांच्याकडे देवाने दिलाच नव्हता आणि त्यांनीही तो कधी मागितला नाही.

जेवताना नवऱ्याने त्यांना नोटिशीबद्दल सांगितलं, जमेल तितक्या हलक्या आवाजात, म्हणजे विषय निघाला तसा संपेल असं. त्यांनी घास खाली ठेवला.

“शोधला म्हणजे?”

“म्हणजे त्या अभियंत्याला डोंगरावर फिरायला गेला असताना सुचला, आई. असं लिहिलंय त्यांनी.”

“मग मी इतकी वर्षं काय करत होते? डिस्का हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते?”

नवरा म्हणाला की भांडण्यात अर्थ नाही, एका शब्दाचा तर प्रश्न आहे. त्यावर त्यांनी उजवा खांदा पुढे केला. तो खांदा थंडीत दुखतो, त्याच्यासाठी आम्ही घरात तीन प्रकारची मलमं ठेवतो. हा दुखतो तो काय शब्द बदलून थांबणार आहे का, असं त्यांनी विचारलं आणि हात धुऊन सरळ माझ्या नणंदेला फोन लावला.

माझी नणंद वकील. तिचे खटले भिंतींचे, गच्च्यांचे, सामायिक जिन्यांचे. शब्दाच्या मालकीचा खटला तिने कधी चालवला नव्हता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती अर्धं वाचूनच आली. तिने आम्हाला समजावलं ते सोपं होतं. एखाद्या धंद्यातली सगळी माणसं एखाद्या गोष्टीला ज्या नावाने हाक मारतात, ते नाव कुणा एकाला आपल्या खिशात घालता येत नाही. उद्या कुणी ‘फाइल’ हा शब्द माझा म्हणालं तर चालेल का? मग तिने मला विचारलं, की फाइलला फाइल का म्हणतात, ते तरी आपल्याला ठाऊक आहे का.

ते मला ठाऊक होतं. फाइल म्हणजे मुळात दोरा. पूर्वी कचेऱ्यांतून कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून टांगून ठेवत, त्या माळेला फाइल म्हणू लागले आणि दोरा गेला तरी नाव राहिलं. फोल्डर म्हणजे दुमडलेला पुठ्ठा. मूळ, फांद्या, झाड, हे कागदावर काढलेल्या आकृतीतून आलं, फक्त झाड उलटं, मूळ वर आणि फांद्या खाली. घरातल्यासारखे आई आणि मूल हे शब्दही त्याच आकृतीतले. मी सांगत गेले आणि नणंद लिहून घेत गेली. शेवटी ती म्हणाली की हे कोर्टात कामाला येईल, पण एवढ्याने भागणार नाही. “ते म्हणतील, बाकीचे शब्द आले असतील टेबलावरून. आमचा मात्र डोक्यातून आला. तो हातातून आला हे आपल्याला दाखवावं लागेल, वहिनी.”

आम्ही बटण काढलं नाही, त्यांनी खटला भरला, आणि पहिल्या तारखेला साक्षीला सासूबाईच उभ्या राहिल्या. ठेवणीतली साडी, दुखऱ्या खांद्याचा पट्टा मुद्दाम घरी ठेवलेला. तासभर त्या बोलल्या. मशीनरूमचा दरवाजा कुठे, कपाटं कुठे, यंत्राला एखादी डिस्क हवी असली की ते टाइपरायटरवर आपणहून हुकूम कसा छापायचं, अमुक क्रमांकाची डिस्क चढवा म्हणून, आणि तो कागद फाडून त्या पोरींना कशा पळवायच्या, सगळं. न्यायाधीश लिहायचं थांबवून ऐकत होते. मला वाटलं, जिंकलो.

मग समोरचे वकील उठले. उंच, सडपातळ, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागावं. गोड बोलून गळा कापणाऱ्या जातीतले. त्यांनी डिस्कबद्दल काही विचारलंच नाही. कंपनीचे मालक आपले कोण, एवढंच विचारलं. मुलगा. बटणावरचे शब्द लिहिणाऱ्या बाई? सून. आणि आपल्या बाजूच्या वकील?

“पोटची पोर,” सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या.

“म्हणजे अख्खं घरच आलंय,” वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाले. “मांजर तेवढं राहिलं.”

कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की बाईंवर माझा अविश्वास नाही, तरी आई लेकरासाठी बोलणारच. बाहेरची माणसं आणा. बाईंच्या ओळखीची, मैत्रीतली नकोत. तशी असतील तर पुढच्या तारखेला ऐकू, नाहीतर निकाल देऊ.

परतताना गाडीत, घराचं वळण आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “जी माणसं मला ओळखत नाहीत ती मी शोधायची कुठे? ओळखत नाहीत म्हटल्यावर मला तरी ती कशी ठाऊक असणार?”

उत्तर त्यांनाच सापडलं, भाजी चिरता चिरता. मशीनरूममधली माणसं एकमेकांना ओळखत नसत, प्रत्येक जण आपापल्या थंड हॉलमध्ये बंद. पण एक माणूस सगळ्या हॉलमधून फिरायचा. यंत्रं दुरुस्त करणारा मेकॅनिक. त्याला सगळे ‘पाना’ म्हणत. पाना कुठे राहतो हे शोधायला आम्हाला एक आठवडा लागला. तो मुलीकडे राहत होता, तिसऱ्या मजल्यावर, आणि तिच्या शिलाई मशीनचं पोट उघडून बसला होता.

पान्याला माणसं आठवत नव्हती. त्याला यंत्रं आठवत होती आणि यंत्रांच्या मागोमाग माणसं येत होती. हवामान खात्याचं यंत्र डावीकडे कलायचं, म्हणून तिथल्या एक बाई त्याच्याखाली रोज पुठ्ठ्याची घडी सरकवायच्या. त्या बाई आता आपल्या भावाकडे असतात. वीज कंपनीच्या यंत्राचा आवाज एवढा, की तिथल्या बुवांचे कान गेले. एका बँकेचं यंत्र नवं कोरं होतं, त्याला धक्का लागू नये म्हणून तिथली एक पोरगी पान्याला चपला बाहेर काढायला लावायची. तिला तिथे सगळे ‘धाकटी’ म्हणत. आता तिलाच नातवंडं झाली असतील. या तिघांपैकी एकानेही सासूबाईंचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

इथे नणंदेने दंडक घातला. आईने या तिघांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. भेटायला वहिनीने जायचं आणि तो शब्द तोंडातून काढायचा नाही. उद्या समोरच्या वकिलाने विचारलं, की तुम्हाला हे पढवलंय का, तर त्यांना शपथेवर नाही म्हणता आलं पाहिजे. तेच शब्द सांगायला लागले तर त्यांनाही थांबवायचं. त्यांचं उत्तर कोर्टातच पहिल्यांदा ऐकायचं.

सांगायला सोपं होतं. मी वीजवाल्या काकांसमोर बसले आणि विचारायला लागले, की तुम्ही ती डिस्क कपाटातून काढायचात, मग यंत्रापाशी न्यायचात, मग… आणि तिथे माझी जीभ अडकली. ‘चढव’ न म्हणता चढवण्याबद्दल कसं बोलायचं? मी हातवारे करायला गेले तर हातवारेही पढवण्यातच जमा होणार म्हणून हात मांडीखाली दाबून बसले. काकांना वाटलं मला पोटात दुखतंय. त्यांनी मुलाला पाणी आणायला सांगितलं. ते सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, आत्ता नका सांगू, कोर्टात सांगा. या घरून त्या घरी, तीनही ठिकाणी मी अशीच वेड्यासारखी वागून आले. आणि तरी तिघंही यायला तयार झाली. किती वर्षांत त्यांना त्या कामाबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं.

म्हणजे दुसऱ्या तारखेला आम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून आत गेलो. ते काय म्हणणार हे आम्हाला अजिबात माहीत नव्हतं. त्यांच्या मशीनरूममध्ये दुसराच शब्द चालत असला तर आमचा खटला तिथेच आडवा. नवरा सकाळी म्हणालाही, की अजूनही वेळ गेली नाही, ‘जोड’ काय वाईट आहे? सासूबाई चपला घालून जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या.

एका तंत्रशाळेतून आम्ही एक जुनी डिस्क उसनी आणली होती. तिथे ती दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवलेली असायची. नणंदेने ती कोर्टातल्या टेबलावर ठेवली. समोरच्या वकिलांनी मागणी केली की तिन्ही साक्षीदारांना वेगवेगळं आत बोलवावं, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा बोलणार नाही. नणंद ‘काही हरकत नाही’ म्हणाली. तिला तेच हवं होतं. निदान तसं तिने चेहऱ्यावर तरी दाखवलं.

पहिले आले वीजवाले काका. कुणी काही विचारायच्या आत ते टेबलापाशी गेले, खिशातून रुमाल काढला आणि झाकणावरची धूळ पुसली. मग पिंजऱ्यात उभे राहिले.

नणंदेने विचारलं, की ही डिस्क यंत्रात घालायच्या कामाला तुमच्याकडे काय म्हणत?

“घालायच्या?” काका मोठ्याने म्हणाले, कान गेलेली माणसं बोलतात तसं. “घालायला काय टोपी आहे ती? चढवायचो आम्ही. डिस्क चढवायचो.”

आणि बोलताना त्यांचे दोन्ही हात उठले. हवेत काहीतरी जड उचललं, हळूच खाली टेकवलं आणि उजवी मूठ उजवीकडे फिरवली, घट्ट होईपर्यंत. झाकणाची मूठ तशीच फिरवावी लागे, मग डिस्क खाली पकडली जायची आणि झाकण हातात यायचं.

माझ्या शेजारी सासूबाईंनी श्वास सोडला. धाकटी आली. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते. तिनेही तोच शब्द सांगितला आणि हातांनी तेच केलं, उचललं, टेकवलं, उजवीकडे फिरवलं. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि तिला ते पुन्हा करून दाखवायला सांगितलं. तिने केलं.

तिसऱ्या हवामानवाल्या बाई. बारीक, नाकावर चष्मा, वर्गात शिरल्यासारख्या आत आल्या. नणंदेने तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला.

“बसवायचो,” बाई म्हणाल्या.

नवऱ्याने माझा हात धरला. समोरचे वकील उठून उभेही राहिले, नणंदेचं संपायच्या आधीच, आणि अगदी आदराने म्हणाले, “बाई, आपण बसवायचो म्हणालात. चढवायचो नाही म्हणालात. बरोबर ना?”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “माझं झालेलं नाही अजून,” त्या म्हणाल्या. “बसवायचो आणि मग चढवायचो. दोन कामं आहेत ती. यंत्राच्या मधल्या दांड्यावर बसवली म्हणजे ती दांड्यावर बसली. यंत्राला काय कळलं त्यातलं? मग टाइप करून यंत्राला सांगायला लागायचं, की बाबा रे, ही अमुक डिस्क आली, हिच्यावरच्या फाइली आता तुझ्या. ते सांगितलं की ती चढली.”

न्यायाधीशांनी विचारलं, की हा दुसरा शब्द कुठून आला.

“आमच्याकडूनच. मी नोकरीला लागले तेव्हा सगळ्यालाच चढवणं म्हणत. ठेवायची, फिरवायची, झाली चढवून. पुढे नवीन यंत्र आलं, त्याला टाइप करून सांगावं लागायला लागलं. तर त्या सांगण्यालाही आम्ही तेच म्हणायला लागलो आणि हाताच्या कामाला नुसतं बसवणं म्हणायला लागलो. हातातला शब्द उठून टाइपरायटरच्या किल्ल्यांवर जाऊन बसला. नवीन शब्द शोधत कोण बसणार? उद्याचं हवामान आजच सांगायचं असतं.”

समोरचे वकील खाली बसले. उठले होते त्यापेक्षा बरेच सावकाश.

पण त्यांचा हुकमाचा पत्ता अजून बाकी होता. त्यांनी मुख्य अभियंत्यांना बोलावलं. मी मनात त्यांचं एक चित्र रंगवून ठेवलं होतं, गर्विष्ठ, चकचकीत बुटांचा माणूस. आला तो पन्नाशी ओलांडलेला, थोडा पोक काढून चालणारा, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारा माणूस. मला तो आवडला, आणि याचा मला राग आला. त्यांनी डोंगराची गोष्ट सांगितली. पहाटे चढत होते, नव्या पेटीला नाव सापडत नव्हतं, आणि माथ्याच्या जरा अलीकडे एकदम सुचलं. खोटं बोलत असावेत असं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. ते खोटं बोलतही नव्हते.

त्यांचं संपल्यावर न्यायाधीश म्हणाले की मला संगणकातलं फारसं कळत नाही, तेव्हा तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय, डिस्क चढवणं म्हणजे नेमकं काय?

“सोपं आहे,” अभियंते म्हणाले. “यंत्राचं फाइलींचं झाड असतं. बाहेरची डिस्क आली की त्या झाडावरची एक जागा निवडायची, ती डिस्क तिथे…”

आणि त्यांचे हात कठड्यावरून उठले. दोन्ही हातांनी काहीतरी जड उचललं, हळूच खाली टेकवलं आणि उजवी मूठ उजवीकडे फिरली.

“…तिथे लावायची,” त्यांनी वाक्य पुरं केलं.

सगळं कोर्ट त्या मुठीकडे बघत होतं. त्यांना एकट्यालाच कळलं नव्हतं की काय झालं.

“पुन्हा करा,” न्यायाधीश म्हणाले.

“काय करू?”

“आत्ता हातांनी जे केलंत ते.”

अभियंत्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. उजवी मूठ अजून वळलेलीच होती. त्यांनी ती सोडली नाही, तिच्याकडे बघत राहिले. मग टेबलावरच्या त्या जुन्या डिस्ककडे पाहिलं. त्यांचे वकील घाईने उठून काही म्हणायला लागले, पण अभियंत्यांनी हाताने त्यांना थांबवलं.

शिकाऊ असताना एका कारखान्याच्या मशीनरूममध्ये काही महिने काढले होते, असं ते म्हणाले. तिथले एक ऑपरेटर जेवायला गेले की मला डिस्का चढवायला देत. आज इतक्या वर्षांनी आठवलं. “डोंगरावर मला तो शब्द सुचला हे खरं आहे, साहेब. पण सुचला की आठवला, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.” त्यांनी मूठ सोडली. “आठवलाच असणार.”

निकाल त्याच आठवड्यात लागला. न्यायाधीशांनी तो वाचून दाखवला तेव्हा कोर्टाची बाकं भरलेली होती. वीजवाले काका, धाकटी, हवामानवाल्या बाई आणि पाना चौघेही नुसतं ऐकायला आले होते. शब्द त्या कामाचा आहे आणि काम करणाऱ्या सगळ्यांचा आहे. नोंदणी केली म्हणून दुसऱ्यांची तोंडं बंद करता येणार नाहीत. आणि या छोट्या कंपनीवरचा चोरीचा आरोप निराधार आहे, तो मागे घेतल्याचं मोठ्या कंपनीने तितक्याच जाहीरपणे सांगावं. हे शेवटचं वाक्य मी श्वास रोखून ऐकलं. नणंदेने कागद गोळा करता करता माझ्याकडे पाहून एक डोळा मिचकावला, वकिलाला न शोभणारा.

बाहेर व्हरांड्यात नुसता गोंधळ. जन्मात एकमेकांना न भेटलेली ती माणसं शाळा सुटल्यासारखी बोलत होती. कुणाचा हॉल जास्त थंड, कुणाची डिस्क पडून फुटली आणि कुणी दोष कुणावर ढकलला. वीजवाल्या काकांना ऐकू येत नव्हतं म्हणून ते सगळ्यांवर ओरडत होते. शिपाई येऊन दोनदा गप्प बसवून गेला. सासूबाईंना त्या तिघांना एकदाचं भेटायची मुभा मिळाली होती आणि त्या तिचा पुरेपूर वापर करत होत्या. हवामानवाल्या बाईंना त्यांनी सुनावलं, की ते ‘बसवायचो’ ऐकून माझा जीव जायचा राहिला. बाई म्हणाल्या, खरं होतं ते सांगितलं. दोघींची लगेच गट्टी जमली. एकाच मुशीतल्या होत्या.

तेवढ्यात अभियंते आले. सगळे बाजूला झाले. ते सरळ सासूबाईंपुढे येऊन उभे राहिले आणि माफी मागायला लागले, तर सासूबाईंनी त्यांना मध्येच तोडून विचारलं, की कुठला कारखाना. त्यांनी सांगितला. मागून पाना म्हणाला, तिथलं यंत्र फार गुणी होतं, कधी रुसलं नाही. अभियंत्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

“मी चोर म्हणून आलो नव्हतो हो,” ते म्हणाले.

“माहीत आहे. तुमच्या हातांनीच सांगितलं,” सासूबाई म्हणाल्या. “आणि शब्द चांगला उचललात. उचलायचाच तर माणसाने चांगला उचलावा.”

त्यानंतरच्या महिन्यात आम्हाला जे फोन आले त्यांची मी कल्पनाही केली नव्हती. आमच्यासारख्याच छोट्या कंपन्या. कुणी घाबरून ‘लाव’ केलं होतं, कुणी ‘सामील कर’, एकाने तर बटणावर नुसता बाण काढला होता. एकेक करून सगळ्यांनी आपला शब्द परत घेतला. त्यांच्यातल्या दोघी-तिघींनी पडद्यावरचे बाकीचे शब्दही मलाच बघायला दिले. मोठी कंपनीही आपली पेटी विकतेच आहे, तिचा डोंगरही चौकात आहेच. फक्त आता तो त्यांचा एकट्यांचा नाही. आणि नवऱ्याने, ज्याला ‘जोड’ काय वाईट असं वाटत होतं, त्याने आमच्या पाटीवरच ‘चढव’ आणि ‘उतरव’ हे दोन शब्द रंगवून घेतले.

घरी मात्र खटला अजून चालू आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई तो पहिल्यापासून सांगतात, आणि दर वेळी समोरच्या वकिलाला त्या एखादं नवीन उत्तर देतात. मांजराच्या शेऱ्यावर तर आता त्यांनी असं काही सुनावलेलं असतं की न्यायाधीशांना हसू आवरत नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी त्या गप्प बसल्या होत्या. काल शेजारच्या काकूंना सांगितलेल्या गोष्टीत तर वकिलांनी त्यांची हात जोडून क्षमा मागितली. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा सावध नजरेने.

“असंच झालं ना गं?” त्यांनी विचारलं.

“अगदी असंच, आई,” मी म्हटलं आणि कप त्यांच्या हातात दिला.